ओरडून न सांगता येणाऱ्या गोष्टी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आहे मागच्या सप्टेंबरमधला एक वीकेंड.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी इचलकरंजीहून सिएटलला आले होते. स्पेस नीडल झालं, मॉल झाले, देऊळ झालं. म्हटलं, आता एकदा कँपिंग. आईने "मी काय वनवासाला आलेय का?" म्हणत साफ नकार दिला. जाताना धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि तीन स्वेटर मात्र बांधून दिले. बायको तिच्या सोबतीला घरी थांबली. उरलो मी आणि बाबा. आणि खरं सांगायचं तर मला थोडं टेन्शनच आलं.

कारण बाबांना नीट ऐकू येत नाही.

बाबा ३२ वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा, तोही बाकीचे माग चालू असताना. तिथे आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. आठ तासांच्या कामात ८५ च्या पुढे कान जपायला हवेत असं मानतात, पण आमच्याकडे कान कोण जपतो? सतत अशा आवाजात राहिलं की कानातल्या नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. मग 'सात' आणि 'हात' एकच वाटायला लागतं. त्यात मागे पंखा, टीव्ही, भांडी असली की सगळा काला. मशीन घेऊन दिलं होतं, ते कपाटात आहे. "त्यातनं पंखाच जास्त ऐकू येतो," हे त्यांचं म्हणणं.

त्यामुळे घरी बाबांशी बोलायचं म्हणजे समोर उभं राहून, ओठ दिसतील असं, ओरडून. फोनवर तर मी फक्त आईशीच बोलतो. "बाबा कसे आहेत?" "बरे आहेत." संपलं.

असो. शनिवारी सकाळी फेरीने पलीकडे उतरलो, मग पोर्ट अँजेलिस, लेक क्रेसेंट, फोर्क्स असं करत ऑलिंपिक नॅशनल पार्कमधल्या हो नदीच्या कँपग्राउंडवर. नदीचं नाव खरंच 'हो' आहे, इंग्रजीत शेवटी एक एच जादा. :) गाडीत चार-साडेचार तास आम्ही जवळपास गप्प. इंजिनाच्या आवाजात काय बोलणार?

इथे वर्षाला साधारण ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या महाबळेश्वरला याहून बराच जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथला मुख्यतः हिवाळ्यात, महिनोन्‌महिने झिरपत राहतो, आणि उन्हाळ्यातही धुकं ओलावा टिकवतं. म्हणून झाडांच्या फांद्याफांद्यांवर शेवाळाच्या झालरी. खाली पाय ठेवला तर गादीवर ठेवल्यासारखा. मोबाइलला रेंज नाही, तंबूच्या जागेला वीज नाही. अस्वलं आहेत म्हणून खाण्याचं सगळं गाडीत बंद करून ठेवायचं. धपाट्यांसकट.

दुपारी हो रिव्हर ट्रेलवर गेलो. या वाटेवर साधारण पाच किलोमीटरवर एका शेवाळलेल्या ओंडक्यावर छोटासा लाल दगड ठेवलेला आहे. गॉर्डन हेम्प्टन नावाच्या निसर्गातले आवाज रेकॉर्ड करणाऱ्या माणसाने २००५ साली वसुंधरा दिनाला ती जागा 'शांततेचा एक चौरस इंच' म्हणून ठरवली. कल्पना अशी की एवढीशी जागा माणसाच्या आवाजापासून जपली तर आजूबाजूचे कित्येक मैल आपोआप शांत होतील. मला तो दगड बघायचा होता. पण दोनेक किलोमीटरनंतर बाबांचे गुडघे बोलायला लागले. परत फिरलो.

वाटेत एक आडवा पडलेला भलामोठा बुंधा होता. त्याच्यावरच नवी झाडं रुजली होती, सगळी एका ओळीत. खाली गच्च शेवाळ असल्याने पडलेल्या झाडावर उंच रुजलेल्या रोपांचा जास्त निभाव लागतो, हे मी वाचलं होतं. सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात बाबाच म्हणाले, "बीमावरचं धागं बघ कसं."

पुढे नदीकाठी बसलो. ऑलिंपसच्या हिमनद्यांनी दळलेल्या दगडाच्या पिठामुळे पाणी दुधट निळसर. बाबांनी हात घातला आणि लगेच काढला. "बर्फच की रं!"

रात्री तंबूत शिरलो. आमची जागा काठापासून जरा आत होती, नदी लांब कुठेतरी एकसुरात वाहत होती. टॉर्च बंद केला. काळाकुट्ट अंधार. दिवा गेला की ओठ दिसत नाहीत, म्हणजे बाबांशी बोलणं बंद, हा आमचा घरचा नियम. मी सहज स्वतःशीच पुटपुटलो, "उद्या चहाला पाणी गरम करायला हवं लवकर."

"साखर आणलीस का?" बाबा म्हणाले.

मी उठूनच बसलो. "बाबा, तुम्हाला ऐकू आलं?"

"हितं दुसरं हाय काय ऐकाया?"

थोडा वेळ आम्ही साखरेवर, चटणीवर बोललो. साध्या आवाजात. किती वर्षांनी, आठवत नाही. मग बाबांनी विचारलं, "नोकरी गेलती, तवा मला का सांगितलं न्हाईस?"

त्याच्या आदल्या वर्षी माझा जॉब गेला होता. एच-वन-बी वर असलं की दुसरी नोकरी शोधायला ६० दिवस, नाहीतर गाशा गुंडाळा. मला ५१ व्या दिवशी मिळाली. ते दिवस मी फक्त आईला सांगितले होते आणि तिला शपथ घातली होती. ती पाळली गेली नव्हती हे आत्ता कळलं.

"ओरडून सांगावं लागलं असतं, बाबा." खरं तेच तोंडातून निघालं. "शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, या वेळी ऐकू आलं नसावं.

"माझापण कारखाना दोनदा बंद पडलाय," ते म्हणाले. "मलापण म्हाईत हाय कसं वाटतं ते." आणि मग त्यांनी ते सगळं सांगितलं. मी ते इथे लिहिणार नाही.

पहाटे एल्कच्या हाकेने जाग आली. सुरुवात जाड आणि मग चढत जाणारी लांब शीळ. बाबांना पहिला भाग ऐकू आला, शिळेचा पत्ताच नाही. "काय ओरडलं गं बया?" म्हणत तंबूबाहेर आले. नदीतल्या गोट्यांवर सात-आठ एल्क उभे होते, तोंडातून वाफा. बघत बसलो. चहाला उशीरच झाला.

तो लाल दगड राहिलाच. पण आता दर रविवारी मी फोन लावला की बाबा आतल्या खोलीत जातात, दार लावतात, पंखा बंद करतात आणि मशीनही कानात घालतात. इचलकरंजीच्या एप्रिलमध्ये पंखा बंद! आई बाहेरून चिडते, "उकडून मराल की!" अजूनही निम्मं दोनदा सांगावं लागतं. पण ओरडावं लागत नाही.