मेट्रोपासून फक्त दहा मिनिटं

आमच्या फ्लॅटच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं : 'मियापूर मेट्रोपासून फक्त दहा मिनिटं.' ते पत्रक अजून माझ्या कपाटात आहे. त्यात पोहण्याचा तलाव आहे, जिम आहे, हिरवळीवर हसत चालणारं एक कुटुंब आहे. बसथांबा कुठेच नाही. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही. उलट ती ओळ मीच घरात सगळ्यांना वाचून दाखवली होती. त्यामुळे आज तक्रार लिहायला बसलेय खरी, पण अर्धी तक्रार माझ्याबद्दलच आहे.

आम्ही मूळचे जालन्याकडचे. आजोबा नोकरीसाठी हैदराबादला आले आणि काचीगुड्यात राहिले. मराठवाड्यातून येणाऱ्याला ते साहजिकच होतं. निजामाच्या काळात हैदराबादहून मनमाडला जी रेल्वे गेली ती जालन्यावरून, आणि १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. काचीगुडा, सुलतान बाजार, कोठी या भागात मराठी शाळा, मराठी दुकानदार, मराठी भांडणं सगळं मिळायचं. आमचं घर भाड्याचं, दोन खोल्यांचं. पप्पा तिथेच जन्मले, मीही.

मग घरमालकांनी ती जागा 'डेव्हलपमेंटला दिली'. हा आपल्या शहरातला नेहमीचा शब्द. जागा मालकाची, पैसा बिल्डरचा, आणि वर उभ्या राहणाऱ्या फ्लॅटांत दोघांचा वाटा. भाडेकरूच्या वाट्याला तीन महिन्यांची मुदत. मालक वाईट नव्हते. जाताना आजीच्या पाया पडले. पण त्याच गल्लीतल्या नव्या इमारतींची भाडी पप्पांच्या आवाक्यात नव्हती, आणि भाड्याइतकाच हप्ता भरून शहराच्या वायव्य टोकाला स्वतःचं घर मिळत होतं. मला पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळणार होती. मी सगळ्यात आधी 'हो' म्हणाले.

फ्लॅट बघायला आम्ही एका रविवारी दुपारी गेलो. एजंटनं मियापूर स्टेशनवर गाडी पाठवली होती, एसी चालू होता. खरंच दहा-बारा मिनिटांत पोचलो. मम्मीनं पाणी किती वेळ येतं ते विचारलं, पप्पांनी कर्जाचं विचारलं, आजीनं चर्च कुठे ते विचारलं. इथून संध्याकाळची शेवटची बस कितीला, हे कुणीच विचारलं नाही.

आता माझा रोजचा दिवस सांगते. मेट्रोबद्दल माझी तक्रार नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात ती सुरू झाली तेव्हा मी आठवीत होते. पप्पांनी आम्हाला मुद्दाम बसनं अमीरपेटला नेऊन तिच्यात बसवलं होतं. मियापूर ते नामपल्ली अजूनही मी पाऊण तासाच्या आत पोचते, आणि जागा मिळाली तर वाचनही होतं. सेमिनारचा अर्धा पेपर मी मेट्रोतच लिहिलाय. खरा प्रवास त्याच्या आधी आणि नंतर असतो. घर ते मियापूर हे सात किलोमीटर. बस कधी वीस मिनिटांनी येते, कधी तासानं, कधी येतच नाही. आली तर दारापर्यंत भरलेली. पावसात रस्ता तुंबला की दहा मिनिटांची पन्नास मिनिटं होतात. मग शेअर ऑटो. ऑटोवाले भाई थांब्यासमोर गाडी लावून हसत म्हणतात, "बस का भरोसा नक्को करो अम्मा, बैठो." बसलं की वीस रुपये, अंधार पडला की तीस.

डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात बायकांना साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. चांगलीच योजना आहे. आमच्या थांब्यावर एक अक्का भेटतात, शेजारच्या टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी करतात. एकदा तासभर वाट बघून आम्ही दोघी शेवटी ऑटोत चढलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "फुकट तिकीट माझ्या पर्समध्येच राहतं, आणि ऑटोचे पैसे रोज जातात." मला घरून पॉकेटमनी मिळतो. त्यांच्या पगारातून महिन्याला हजाराच्या वर रुपये या सात किलोमीटरवर जातात. ज्या टॉवरमुळे त्यांना काम मिळालं, त्या टॉवरपर्यंत पोचायची सोय कुणाच्याच नकाशात नव्हती.

असं का होतं, ते शोधायला मी थोडं वाचलं. मुंबईत एफएसआय हा शब्द लहान मुलांनाही माहीत असतो. आपल्याकडे २००६ च्या नियमांपासून एफएसआयची कमाल मर्यादाच नाही. इमारत किती उंच न्यायची हे मुख्यतः समोरच्या रस्त्याची रुंदी आणि भोवती सोडायची मोकळी जागा यांवर ठरतं. म्हणजे रस्ता मोजला जातो. त्या रस्त्यावरून बस किती धावतात, हे मोजायची गरज नसते. शहराभोवती १५८ किलोमीटरचा आउटर रिंग रोड आहे. मेट्रोचा पहिला टप्पा तीन मार्ग मिळून ६९ किलोमीटरचा. निळी मेट्रो रायदुर्गला संपते आणि टॉवर तिथून पुढे कितीतरी दूर जातात. त्याच बाजूला कोकापेटला ऑगस्ट २०२३ च्या लिलावात एका एकराला शंभर कोटींच्या वर भाव गेला. एवढ्या महाग जमिनीवर राहणारा माणूस गाडीनंच फिरणार, असं गृहीत धरलं जात असावं. पण त्याच्याकडे स्वयंपाक करणारी, पहारा देणारा आणि आमच्यासारखे त्याच्या मागेपुढे स्वस्तात घर शोधणारे गाडीनं फिरत नाहीत.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र आजीचं झालं. काचीगुड्याहून ती दर रविवारी गनफाउंड्रीच्या सेंट जोसेफ कॅथेड्रलला जायची, बहुतेकदा एकटीच, बसनं. मिस्सा इंग्रजीत असो की तेलुगूत, तिचं काही अडायचं नाही. मिस्सा संपल्यावर आवारात तिच्या दोन मैत्रिणी थांबायच्या. तिघी अर्धा तास मराठीत बोलायच्या, कुणाची सून, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. नव्या घराजवळही चर्च आहे, फादर प्रेमळ आहेत. आजी तिथे जाते, प्रार्थना करते आणि गप्प घरी येते. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "देवाला सगळ्या भाषा येतात गं. मला आपलं माणूस लागतं." त्या रात्री मला माझी स्वतःची खोली फार मोठी वाटली.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी सहाला निघतो आणि कॅथेड्रलला जातो. तिला मेट्रोचे सरकते जिने आवडत नाहीत, लिफ्ट आवडते. मैत्रिणी दोनच्या एकच उरल्यात, पण ती थांबते.

आणि एक काम आम्ही सुरू केलंय. थांब्यावरच्या आम्ही सात-आठ जणींनी दोन आठवडे बसच्या वेळा टिपल्या, अर्ज लिहिला आणि डेपोत नेऊन दिला. साहेबांनी वाचला, "बघू" म्हणाले. अजून बघतायत. पुढच्या अर्जासाठी वेळा टिपायचं काम आजीनं स्वतःहून घेतलंय. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून तिला रस्ता दिसतो. माझ्या जुन्या वहीत ती मराठी आकड्यांत लिहिते : ७.१०, ७.५५, मग एकदम ९.२०. कधीकधी मी पायात चपला घालत असते आणि ती बाल्कनीतून ओरडते, "गेली गं, आत्ताच गेली!"

मंडळाला एक विनंती. शनिवारची बैठक चारला सुरू होते आणि साडेपाचला मी निघते. माझी कविता वाचून झाली की पळते, दुसऱ्यांच्या ऐकत नाही, असं काही जण गमतीनं म्हणतात. बैठक तीनला ठेवता आली तर बघा. मला सगळ्यांच्या ऐकायच्या आहेत. आणि तुमच्यापैकी कुणी घर बघायला जाणार असाल तर रविवारी दुपारी एजंटच्या गाडीतून जाऊ नका. सोमवारी संध्याकाळी सातला, बसनं जा.