कोठाराचे दार

रायपूरच्या जयस्तंभ चौकातून मी तीस वर्षे महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकवायला जात असे. सोनाखानचे बिंझवार जमीनदार नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी याच ठिकाणी देहदंड दिला गेला, अशी या शहराची श्रद्धा आहे. त्यांच्या कथेचा आरंभ मात्र धान्यापासून होतो. १८५६ च्या दुष्काळात एका व्यापाऱ्याने साठविलेले धान्य त्यांनी काढून भुकेल्यांत वाटले. आपण हे केले, असे त्यांनी स्वतःच इंग्रज अधिकाऱ्याला कळविले, असे सांगतात. सरकारदरबारी तो गुन्हा ठरला.

नीतीची कोणती उपपत्ती चांगली हे ओळखायचे कसे, असे विद्यार्थी विचारीत, तेव्हा मी हेच उदाहरण पुढे ठेवी. प्रश्न जुना आहे. दुष्काळात कुत्र्याचे मांस चोरायला निघालेल्या विश्वामित्राची महाभारतातील कथा टिळकांनीही ‘गीतारहस्या’त (१९१५) विचारात घेतली आहे. उपपत्ती सुसंगत असावी, सर्वांना सारखी लागू पडावी आणि आपल्या विचारपूर्वक बनलेल्या नैतिक निर्णयांशी तिचा मेळ बसावा, अशा तीन कसोट्या मी सांगत असे. जीव वाचविण्यासाठी अन्न चोरणे प्रसंगी कर्तव्यच ठरते, असे मिल मानतो. परंतु त्याच्या हिशेबात व्यापाऱ्यांची धास्ती आणि उद्याची टंचाई धरली की उत्तर फिरू शकते. आपल्या कृतीमागचा नियम सर्वांचा व्हावा असे म्हणता येईल काय, असे कांट विचारतो. पण तो नियम ‘दुसऱ्याचे घ्यावे’ असा मांडला की एक उत्तर येते आणि ‘मरणाऱ्याला साठ्यातले द्यावे’ असा मांडला की दुसरे. म्हणजे अखेरचा भार तिसऱ्या कसोटीवर, आपल्या अंतःकरणाच्या कौलावर, येऊन पडतो.

त्या कौलाविषयी मी साशंक आहे, त्याला कारण आहे. १९६५ साली पावसाने दगा दिला, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. ब्राह्मणपाऱ्यातील आमच्या घरी आजी दामाजीपंतांचे आख्यान सांगे. मंगळवेढ्याच्या दामाजींनी बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, या ठिकाणी माझे डोळे भरून येत. त्याच सुमारास आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंना पदरात ओंजळभर तांदूळ बांधताना मी पाहिले आणि धावत जाऊन आजीला सांगितले. बाईंचे काम सुटले. त्या संध्याकाळी आख्यान पुन्हा झाले आणि मी पुन्हा रडलो.

माझे अंतःकरण कठोर नव्हते. बादशहाच्या कोठारापाशी ते उदार होते आणि घरच्या डब्यापाशी हिशेबी. अशा अंतःकरणाशी जिचा मेळ उत्तम बसतो, ती उपपत्ती माझ्या सोयीलाच शास्त्राचा पोशाख चढवीत असते. म्हणून पुढे मी एक चौथी कसोटी सांगू लागलो. चांगल्या उपपत्तीने प्रसंगी मला माझ्याच विरुद्ध निकाल द्यायला लावले पाहिजे. एवढेही पुरेसे नाही, कारण आततायी माणसाचे मतही त्याला स्वतःविरुद्ध वागायला लावते. तो निकाल ज्याला सोसावा लागतो, त्याच्यासमोर उभे राहून त्याची कारणे सांगता आली पाहिजेत. दामाजीपंतांच्या कथेत विठ्ठल महाराच्या रूपाने येऊन धान्याचे मोल चुकते करतो, त्यामुळे कुणाचेच देणे उरत नाही. सोनाखानच्या बाबतीत कुणीही आले नाही. जे नारायणसिंहांनी केले ते योग्यच होते असे मी मानतो. तरी त्या व्यापाऱ्याला काय सांगायचे, हा प्रश्न उरतो, आणि चांगली उपपत्ती तो लपवीत नाही.

हे सारे मी प्रथम वर्गात सांगितले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, त्या बाईंचे नाव काय होते?” मला सांगता आले नाही. आमच्या घरात ते कुणी कधी उच्चारलेच नव्हते.