दोन ऑपरेशनं, कौतुक एकाचंच

माझा काचबिंदू सापडला तो माझ्या भावामुळे. दादा साताऱ्यात, मी लग्नानंतर सांगलीत. निवृत्त झाल्यापासून तो रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढायचा. उतरताना डाव्या अंगाच्या दगडाला पाय अडायला लागला. पोवई नाक्यावर डावीकडून आलेली गाडी ऐनवेळी दिसायला लागली. चष्म्याच्या दुकानात त्यानं तक्त्याची शेवटची ओळही बिनचूक वाचून दाखवली, त्यामुळे विषय तिथंच मिटला. पुढे पुण्यात बाहुली मोठी करून तपासलं, तेव्हा डाव्या डोळ्याची नस बरीचशी सुकलेली निघाली. समोरचं तेवढं शाबूत, कडेचं गेलेलं. दुखणं नाही, लाली नाही, कसली चाहूलही नाही.

तिथल्या डॉक्टरांनी वहिनीला सांगितलं, "सख्खी भावंडं असतील तर त्यांचे डोळे तपासून घ्या. त्यांना धोका कितीतरी पट जास्त." त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन. "वन्सं, उद्याच्या उद्या दाखवून या. मला स्वच्छ दिसतंय, हे कारण सांगायचं नाही."

उद्याच्या उद्या नाही, पण गेले. डोळ्यातलं प्रेशर निघालं 26. साधारणपणे 10 ते 21 ठीक मानतात. त्यात ठरलेल्या मर्यादेत प्रेशर असूनही काहींची नस सुकते, म्हणून नुसत्या आकड्यावर भागत नाही. नसेचा फोटो लागतो आणि फील्ड लागतं. या फील्डची मला अजून धास्ती वाटते. अंधारी खोली, एक डोळा झाकलेला, हनुवटी टेकवून समोरच्या पांढऱ्या अर्धगोलात मधल्या दिव्यावर नजर रोखायची. कडेला कुठेही ठिपका उमटला की हातातलं बटण दाबायचं. ठिपके इतके पुसट, की खरंच दिसला की भास झाला हे ठरवेपर्यंत पुढचा येतो. मध्येच बराच वेळ काही दिसत नाही आणि पोटात गोळा येतो. आता यंत्र मुद्दाम अंधूक ठिपके दाखवतंय, की माझ्याच डोळ्यात तिथं काही उरलेलं नाही? शेवटी कागद हातात येतो. दादाच्या कागदावर डाव्या डोळ्याच्या वर्तुळात मधे थोडं पांढरं आणि भोवती काळं. माझ्या उजव्या डोळ्याच्या कागदावर नाकाकडच्या बाजूला एक करडा डाग. फरक एवढाच, पण या एवढ्याशा फरकावरच आम्हा दोघांचे रस्ते वेगळे झाले.

मला ड्रॉप सुरू झाले. आधीपासून दमा, त्यामुळे टिमोलॉल बाद. ते थेंब डोळ्यात घातले तरी छातीपर्यंत पोचतात. दुसरे दिले, तर काही महिन्यांत डोळे लाल होऊन खाजायला लागले. तिसऱ्यांची कडू चव घशात उतरायची, म्हणून थेंब घातल्यावर नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून बसायला शिकले. रात्रीची बाटली सांगलीच्या उन्हाळ्यात फ्रिजमध्येच ठेवावी लागे. साताऱ्याला लग्नकार्याला निघाले, की बॅगेत साडीच्या आधी थर्मास. एवढं करूनही प्रेशर 20च्या आसपास रेंगाळत होतं, आणि डॉक्टरांना ते आणखी खाली हवं होतं.

दरम्यान दादाचं ऑपरेशन झालं होतं. त्याला ट्रॅबेक्युलेक्टॉमी म्हणतात. 1968 साली केर्न्स या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी मांडलेली ही पद्धत आजही मोठ्या काचबिंदूत भरवशाची मानली जाते. डोळ्याच्या पांढऱ्या भागात छोटी झडप करून पाण्याला नवी वाट काढतात; ते पाणी वरच्या पापणीआड, पातळ पडद्याखाली साठून हळूहळू जिरतं. जखम भरून वाट बुजू नये म्हणून औषध लावतात. पण वाट जास्त मोकळी झाली तर प्रेशर नको तितकं उतरतं, कमी झाली तर पुन्हा चढतं. दादाचं सुरुवातीला उतरलं होतं. सातारा-पुणे फेऱ्या, डोळा चोळायचा नाही, नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि लाल झाला तर रात्री-अपरात्रीसुद्धा दवाखाना गाठायचा, कारण जंतुसंसर्गाची भीती पुढे कायमची. त्याच्या डोळ्याला दुसरा इलाज नव्हता. उरलेली नजर वाचवायची तर प्रेशर अगदी खाली आणणं भाग होतं.

माझा मोतीबिंदूही तोवर पिकत आला होता. सांगलीच्या डॉक्टरांनी म्हटलं, "मोतीबिंदू काढणारच आहोत, तर त्याच छेदातून काचबिंदूचंही थोडं काम करू." डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यातल्या जाळीतून ते बाहेर पडून रक्तात मिसळतं. मोरीची जाळी तुंबून नळ मात्र चालूच राहावा, तसं माझ्या डोळ्याचं झालं होतं. जाळीचा थोडा भाग आतून उघडायचा, बाहेरून काप नाही, टाका नाही. परदेशात त्यासाठी जेमतेम एक मिलिमीटर लांबीची टायटॅनियमची नळी बसवायला सुरुवात झाली; अमेरिकेत तिला 2012 साली मंजुरी मिळाली. नंतर आणखी साधनं आली. आपल्याकडे काही डॉक्टर साधी 26 नंबरची सुई टोकाशी वाकवून तिनं जाळी उघडतात. ती सुई काही रुपयांत येते. माझ्यासाठी सुईच ठरली.

मी विचारलं, "मग दादाचंही असंच का नाही केलं?"

"हा मार्ग उघडला तरी पाणी शेवटी शिरेतच जातं," ते म्हणाले. "शिरेचा स्वतःचा दाब असतो. त्याच्या खाली प्रेशर नेता येत नाही. तुमचा आजार सुरुवातीचा आहे, तुम्हाला एवढं पुरतं. त्यांना पुरलं नसतं." कोपरा बंद असलेल्या काचबिंदूचा इलाज वेगळा, असंही त्यांनी सांगितलं. म्हणून आधी डोळ्यावर आरशांचं भिंग टेकवून माझा कोपरा उघडा असल्याची खात्री करून घेतली होती.

ऑपरेशनच्या वेळी मी जागी होते. मोतीबिंदूचं आटोपलं, लेन्स बसली. मग डॉक्टर म्हणाले, "आता मान डावीकडे वळवा, आणि तशीच ठेवा." वरचा मायक्रोस्कोप त्यांनी स्वतःकडे झुकवला, डोळ्यावर जेल घालून भिंग टेकवलं. दुखलं नाही. उजेड सरकला, आत काहीतरी ओढल्यासारखं वाटलं, एवढंच. "थोडं रक्त आलंय, म्हणजे जागा बरोबर आहे," असं ते मदतनीस ताईंना म्हणाले, आणि ते ऐकून मला उलट घाम फुटला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर सगळं तांबूस धूसर. ते रक्त बसेपर्यंत उशी उंच घेऊन झोपायचं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. सुरुवातीला प्रेशर अचानक चढू शकतं म्हणून तपासण्या लागोपाठ होत्या.

तांबूसपणा निवळला आणि गणपती मंदिराच्या कळसापासून भाजीवाल्याच्या तराजूपर्यंत सगळं लखलखीत दिसायला लागलं. शेजारणी यायच्या आणि म्हणायच्या, "काचबिंदू गेला म्हणायचा की हो बाई!" माझ्यानं दरवेळी समजावून सांगणं व्हायचं नाही. लखलखीत दिसलं ते मोतीबिंदू काढल्यामुळे. कागदावरचा करडा डाग जिथं होता तिथंच आहे आणि तो तिथंच राहणार. सुकलेली नस कुठल्याही ऑपरेशननं हिरवी होत नाही. काचबिंदूच्या ऑपरेशननं मला काय दिलं, तर 20च्या जागी 14, आणि ड्रॉपच्या तीन बाटल्यांऐवजी एक. ही एकही गोष्ट डोळ्यानं दिसत नाही. उद्या हा मार्ग पुन्हा बुजला तरी मला कळणार नाही; ते फक्त तपासणीतच कळतं. छोट्या ऑपरेशनचा हाच धोका मला मोठा वाटतो: माणूस सुटलो म्हणून निर्धास्त होतो आणि दवाखान्याची पायरी सोडतो.

दादाला मोठ्या ऑपरेशनानंतर आधीपेक्षा काहीच चांगलं दिसलं नाही. पहिले काही महिने तो चिडायचा, एवढं करून मिळालं काय म्हणायचा. त्याचं फील्ड त्यानंतर तितकंच राहिलं आहे, हेच त्याला मिळालेलं आहे. आता तो गडावर जातो, पण वहिनी डाव्या बाजूनं चालते.

तमिळनाडूतल्या सर्वेक्षणांत असं आढळलं होतं, की काचबिंदू असलेल्या दहातल्या नऊ जणांहून अधिकांना तो असल्याचं ठाऊकच नव्हतं. आमच्या घरात एक त्या नऊंतला, आणि मी केवळ त्याच्यामुळे वाचले. म्हणून गेल्या भाऊबीजेला मी दादाकडून ओवाळणी घेतली नाही. म्हटलं, दोन्ही भाच्यांचे डोळे तपासून आण, तीच ओवाळणी. दोघांनीही चाळिशी ओलांडली आहे. थोरला जाऊन आला. सध्या ठीक आहे, दरवर्षी यायला सांगितलंय. धाकटा कराडला नोकरीला, त्याला रजा मिळत नाही. त्याची वेळ मीच इथल्या डॉक्टरांकडे घेतली आहे. सांगलीला ये म्हटलं, जेवण माझ्याकडे, पण आधी तपासणी.