चवदार तळे पाहिले, लेणी राहिली

२० मार्चला महाडला कोण जात नाही? गाड्या भरभरून जातात. चवदार तळ्यावर बाबासाहेबांना वंदन होते, क्रांतिस्तंभाला फुले वाहिली जातात, पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दी होते आणि संध्याकाळी मंडळी परत फिरतात. आम्हीही वर्षानुवर्षे तसेच केले. महाड येण्याआधी दोन-तीन किलोमीटरवर, मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेच्या डोंगरात काळी भोके दिसतात. ती गांधारपाल्याची बौद्ध लेणी. दरवर्षी ती गाडीच्या खिडकीतून मागे जात होती! शेवटी मंडळाने ठरवले, गर्दी नसताना हिवाळ्यातल्या एका रविवारी बायकामुलांसह खास लेण्यांसाठी जायचे.

रायगड जिल्हा म्हणजे १९८१ पर्यंतचा कुलाबा. पर्यटक अलिबागचा समुद्र, माथेरान आणि रायगड किल्ला पाहतात. किल्ला पाहावाच. पण सावित्री नदीच्या खाडीने बंदरांतून व्यापार चालत होता, त्या व्यापाराच्या वाटेवर आपल्या धम्माची लेणी कोरली गेली, हे मुलांना कोण सांगणार? याच वाटेने बाबासाहेब डिसेंबर १९२७ मध्ये बोटीने दासगाव बंदराला उतरले आणि महाडला गेले.

पाल्याला सुमारे तीस लेणी आहेत. चढ फार नाही, मात्र उन्हाआधी चढावे. वर गेल्यावर खाली गांधारी नदी, शेते आणि पलीकडे महाड दिसते. विहारांत भिक्खूंच्या झोपण्याच्या दगडी खोल्या आहेत. आमची पोरे आधी त्यांत लपाछपी खेळली, मग दरडावल्यावर गप्प बसली.

येथील एक ब्राह्मी शिलालेख मुद्दाम सांगण्यासारखा आहे. कानभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराने सुमारे सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी लेणे, चैत्यगृह आणि आठ खोल्या दान दिल्या. त्यासोबत लेण्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, आणि एक वाटही दिली. पाणी आणि वाट! खाली दिसणाऱ्या त्याच महाडात, १९२३ चा बोले ठराव झालेला असूनही, आमच्या माणसांना तळ्याचे पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीने ते घेतले, तर मागाहून १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले गेले. कोर्टाचा अखेरचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

याच जिल्ह्यात राजपुरी खाडीजवळ कुड्याची २६ लेणी आहेत. तेथील दानकर्त्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे आणि शिवभूती नावाचा लेखकही आहे. बायको नंदा हिच्यासह त्याने लेणे दिले. लेखक म्हणजे आजचा कारकूनच. आम्हा कारकुनांना हे वाचून छाती फुगवावीशी वाटली, हे कबूल करतो. कुड्याला मात्र वेगळा दिवस काढावा.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एस.टी.ने महाड स्टँडवर उतरून रिक्षा करावी. रेल्वेने यायचे तर वीर स्टेशन आहे. पाणी आणि भाकरी बरोबर न्यावी. खडूने नावे मात्र लिहू नयेत. आधीच्यांनी लिहिलेली पाहून आम्हाला लाज वाटली.

परतताना आमच्यातल्या एका वयस्कर मावशी पाण्याच्या टाक्याजवळ बसून राहिल्या. त्यांना शिलालेखाचा अर्थ पुन्हा ऐकायचा होता. ऐकून म्हणाल्या, “आमच्या गावात आई हंडा घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची. कोणी वरून ओतले तर ओतले.” मग त्यांनी नातीला बोलावले आणि कोरलेल्या अक्षरांचे ठिकाण विचारून तिचा हात तेथे नेऊन ठेवला. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आम्ही त्याला थांबायला सांगितले.