परड्यातली चूल

शहापुरातलं आमचं घर रस्त्यावरून अरुंद दिसतं, पण आत खोलवर जातं. सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परडं. परडं जेमतेम 9 फूट रुंद, 14 फूट लांब. त्यात आड, तुळस, धुण्याचा दगड आणि कोपऱ्यात आईची चूल. बेळगावातल्या बऱ्याच जुन्या घरांत असंच असतं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आईला खाली बसायला मनाई केली आणि चूल बंद पडली. भाकरी गॅसवर होत राहिली, मांडे मात्र थांबले. मांड्याला पालथं खापर आणि त्याला सगळीकडून लागणारा जाळ हवा; आमच्या शेगडीवर ते जमेना. आई काही बोलली नाही. तिने खापर पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायला लावलं.

मी पुण्यात नोकरी करतो. वर्क फ्रॉम होम घेऊन दोन महिने घरी आलो, तेव्हा परड्यात बाहेरचं स्वयंपाकघर करायचं ठरवलं. लॅपटॉपवर थ्रीडी चित्र काढलं: 34 इंच उंच ग्रॅनाइटचा ओटा, बार्बेक्यू, उंच स्टुलं, वर पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा. आईने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्या मित्रांना आवडेल. पण मी भाकरी कुठं थापू?"

ते चित्र तिथंच सोडलं. गवंडीमामांना सांगितलं, सिमेंट कालवू नका, आधी नुसत्या विटा रचा. आईला स्टुलावर बसवलं आणि समोर 18 इंचांच्या कट्ट्यावर चूल ठेवली. तिचा खांदा अवघडला. विटांचा एक थर काढला, 15 इंचांवर हात बरोबर पडला. भाकरी थापायला उभ्याने 30 इंच बरे वाटले. थ्रीडी चित्रात हे मला कधीच कळलं नसतं.

बाकीचं परड्यानेच ठरवलं. जाळावर प्लॅस्टिक नको, म्हणून लोखंडी सांगाड्यावर जुनी मंगळुरी कौलं घातली. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूचं छप्पर खाली उतरवलं. फरशीचा उतार आडापासून दूर मोरीकडे दिला. शेगडीच्या सिलिंडरसाठी कप्पा केला, त्याला तळाशी जाळी ठेवली. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर खाली साठतो, त्याला बाहेर जायला वाट हवी.

धुराचा विचार मात्र माझ्या डोक्यातच नव्हता. पूर्वेला शेजारच्या काकूंची खिडकी आमच्या भिंतीपासून 4 फुटांवर आहे. "काकू, परत चूल पेटवायची म्हणतोय, चालेल ना?" असं विचारायला गेलो. त्या हसल्या. म्हणाल्या, "अरे, इतकी वर्षं तुमची चूल पेटली की मी खिडकी लावून घ्यायची. मांडे यायचे, म्हणून बोलले नाही कधी."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. आईलाही हे माहीत नव्हतं. मग चुलीवर पत्र्याचं धुराडं बसवलं आणि ते दोन्ही घरांच्या आढ्यांच्या वर 3 फूट नेलं. खर्च वाढला, पण तो टाळण्यासारखा नव्हता.

चूल पेटली त्या दिवशी आईने खापर खाली काढायला लावलं. पहिले दोन मांडे फाटले. "हात विसरला," म्हणाली आणि तिसरा घेतला. तो नीट झाला. तो काकूंकडे गेला. त्यांची खिडकी उघडी होती.

तुमच्याही जुन्या घरामागे अशी हातभर जागा असेल, तर फर्निचरच्या दुकानात जाण्याआधी तिथं रोज काम करणाऱ्या माणसाला बसवून विटा रचून बघा. आणि भिंतीपलीकडे एकदा विचारून या.