आगमनकाळ आणि हिंगणघाट

वर्ध्याहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वणा नदीच्या कांठीं, हिंगणघाट हें गांव आहे. यात्रेकरूंस येथें उतरण्याचें कारण सहसा पडत नाहीं. व्यापाऱ्यांस मात्र पडतें. एकोणिसाव्या शतकांत येथील कापसाची ख्याति विलायतेपर्यंत पोहोंचली होती, आणि 'हिंगणघाट' हें गांवाबरोबर कापसाच्या एका प्रतीचेंही नांव झालें होतें. ती देशी जात आतां मागें पडली. बाजार मात्र अजून मोठा आहे. कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला म्हणजे वेचलेल्या कापसाच्या गाड्या बाजाराची वाट धरतात, आणि 'आज आवक किती?' हा प्रश्न गांवांत जो तो विचारीत असतो.

याच दिवसांत आमच्या ख्रिस्ती बांधवांच्या घरीं निराळ्याच आवकेची वाट पाहिली जाते. नाताळापूर्वींच्या चार रविवारांचा जो काळ, त्यास ते आगमनकाळ म्हणतात. ३० नोव्हेंबरास सर्वांत जवळचा जो रविवार, त्या दिवशीं त्याचा आरंभ होतो. इंग्रजींतील 'ॲडव्हेंट' हा शब्द लॅटिनमधून आला. आणि संस्कृतज्ञ वाचकांस कौतुक वाटेल तें हें कीं, त्या लॅटिन शब्दांतील 'येणें' या अर्थाचा धातु व आपला गम् हे एकाच मूळ धातूचे वंशज होत, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. तेव्हां 'आगमन' हा प्रतिशब्द म्हणजे दूरच्या भाऊबंदांची गांठच म्हणावयाची.

या काळांत कॅथलिक धर्मगुरु जांभळीं वस्त्रें परिधान करितात. अनेक देवळांत हिरव्या पानांच्या चक्रांत चार मेणबत्त्या मांडतात, आणि दर रविवारीं एकेक अधिक पेटवीत जातात. वाचनांत यशया संदेष्ट्याचीं वचनें येतात. येथें कोणीही शंका काढील कीं, ज्याची वाट पाहावयाची तो तर त्यांच्या श्रद्धेप्रमाणें दोन हजार वर्षांपूर्वींच येऊन गेला. मग ही प्रतीक्षा कसली? त्यांचें उत्तर असें : एक आगमन झालें, एक काळाच्या शेवटीं व्हावयाचें आहे, आणि या दोहोंमध्यें भक्ताच्या अंतःकरणांत तें नित्य होत राहावें. म्हणून सणाआधीं घर झाडावें तसें मन झाडावयाचें : वैर मिटवावें, झालेली चूक पदरीं घ्यावी, उपाशी शेजाऱ्याची आठवण ठेवावी. आपल्याकडील शबरीची कथा आठवली म्हणजे हें समजण्यास अवघड जाऊं नये. राम केव्हां येईल हें तिला ठाऊक नव्हतें. येईल एवढें ठाऊक होतें.

आतां हिंगणघाटाकडे वळूं. कर्नल विल्यम लॅम्टन याचें थडगें या गांवीं आहे. १८०२ सालीं मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्यानें हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा पाया घातला. सुमारें अर्ध्या टनाचें कोनमापक यंत्र टेकड्यांवर चढवीत तो वीस वर्षें या कामांत गढून राहिला, आणि हैदराबादेहून नागपुरास जात असतां २० जानेवारी १८२३ रोजीं येथें त्याचा अंत झाला. तेव्हां तो सत्तरीच्या घरांत होता. ती रेषा हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यानें, १८४१ मध्यें. ज्यानें काम आरंभिलें, त्याला त्याचा शेवट दिसला नाहीं. परंतु दिशा ठरली होती, म्हणून दुसऱ्यास तें पुढें नेतां आलें.

दिशेवरून एक गोष्ट सुचते. अमरकोशांत दिशेच्या पर्यायांत 'आशा' हाही शब्द आहे. व्युत्पत्ति निराळी असो. अर्थ विचार करण्याजोगा आहे. आशा म्हणजे पाश, असें आम्ही लहानपणापासून शिकलों, आणि फलाच्या आशेविषयीं तें खरेंही आहे. परंतु जी आशा केवळ तोंड कोणीकडे करून चालावें एवढेंच सांगते, तिला पाश कसें म्हणावें? ख्रिस्ती लोक या काळांत जी आशा जोपासतात, ती मला या दुसऱ्या प्रकारची वाटते.

अशा आशेची किंमत मराठी घरांनींही मोजली आहे. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत नारायण वामन टिळकांस बायबलाची एक प्रत मिळाली. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मण घर दुभंगलें, आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्यास कित्येक वर्षांचा विरह आला. पुढें त्या पतीकडे गेल्या, व कालांतरानें त्यांनींही तोच धर्म स्वीकारला. धर्मांतराचा निवाडा मी येथें करीत नाहीं. आपल्या घरांत कोणी निराळी वाट धरली, तर दार लावून घ्यावें कीं दिवा लावून वाट पाहावी, एवढेंच विचारतों. टिळक १९१९ मध्यें वारले, तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें होतें. तें पुरें केलें लक्ष्मीबाईंनीं.

साठी उलटल्यावर आपल्यापुढें अर्धीं राहिलेलीं कामेंच अधिक दिसूं लागतात. कोणाचा मुलगा दूर देशीं असतो, कोणाचा ग्रंथ दप्तरांत पडून असतो. अशा वयाच्या वाचकांपैकीं कोणी कापसाच्या दिवसांत या बाजूस आलाच, तर त्यानें वाट थोडी वांकडी करून त्या थडग्यापाशीं घटकाभर थांबावें, आणि घरीं परतल्यावर आपलें अपुरें काम कोणाच्या हातीं द्यावयाचें तें ठरवावें.