बँकेचं पत्र

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचं नाव निघालं की सगळ्यांना कंपनीचे संस्थापक रामलिंग राजूंचं ७ जानेवारी २००९ चं कबुलीपत्र आठवतं. मला आठवतात ती बँकांची पत्रं. सप्टेंबर २००८ अखेर कंपनीच्या पुस्तकांत रोकड आणि बँकशिल्लक मिळून ५,३६१ कोटी रुपये दिसत होते. त्यांतले ५,०४० कोटी मुळात नव्हतेच, असं राजूंनी लिहिलं.

बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे कंपनीची शिल्लक खरी आहे का हे बँकेकडूनच पत्राने पडताळणं, हे ऑडिटमधलं फार साधं, कंटाळवाणं काम. ऑडिटरने बँकेला पत्र स्वतः धाडायचं, उत्तर थेट त्याच्याच ऑफिसात यायला हवं. मध्ये कंपनीचा हात लागता कामा नये. सत्यमच्या ऑडिटरांनी ही ने-आण कंपनीच्याच व्यवस्थापनावर सोडली होती, असं अमेरिकेच्या शेअर बाजार नियामक एसईसीने २०११ च्या आदेशात नोंदवलं. ज्याची तपासणी करायची, पुरावाही त्यानेच आणून द्यायचा!

असं का होतं, हे आमच्या व्यवसायात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कायद्याने ऑडिटर नेमतात भागधारक. प्रत्यक्षात नाव सुचतं प्रवर्तकांच्या केबिनमध्ये आणि फीचा चेक निघतो कंपनीच्याच खात्यातून. वर्षानुवर्षं त्याच अकाउंट्स खात्यात चहा होतो, घरच्या लग्नांची आमंत्रणं येतात. अशा ठिकाणी ‘पत्र तुम्ही नका पाठवू, आम्हीच पाठवतो’ एवढं म्हणणंही जड जातं. समोरच्याला अविश्वास वाटेल ना! लाच नाकारणारे ऑडिटर मी पुष्कळ पाहिले. भीड मोडणारे त्या मानाने फार थोडे. भीड भिकेची बहीण म्हणतात; आमच्या धंद्यात ती भीक गुंतवणूकदाराच्या पदरात पडते, आणि तो त्या खोलीत कधी आलेलाही नसतो.

२०१३ च्या कंपनी कायद्याने काही दोर कापले. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत एका ऑडिट फर्मला सलग दहा वर्षांपलीकडे राहता येत नाही. जिथे ऑडिट, तिथे हिशेब लिहिणं किंवा अंतर्गत तपासणी करणं बंद. २०१८ मध्ये ऑडिटरांवर देखरेख करणारं एनएफआरए हे प्राधिकरण आलं. हे सगळं मला मनापासून हवं होतं. पण चेक अजून कंपनीच काढते, आणि त्यावर तोडगा निघेपर्यंत भार माणसांवरच राहणार.

म्हणून मला वाटतं, सीएच्या आर्टिकलशिपच्या पहिल्याच वर्षी मुलांच्या हाती हे बँकेचं पत्र द्यावं. त्यांनी ते स्वतः पोस्टात टाकावं, उत्तराची वाट पाहावी, शाखेत चौकशी करावी. ‘तुमचा मुलगा फार ताणतोय’ असा क्लायंटचा फोन आलाच, तर पार्टनरने त्या मुलाला समोर बसवून, त्याच्या देखत सांगावं की तो माझ्याच सांगण्यावरून ताणतोय.